लक्ष असू द्या

‘लक्ष’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक शंभर हजार आणि दुसरा ध्यान. बँकेत कारकुनी करत असल्यामुळे पहिल्या अर्थाशी माझी रोज गाठ पडते, फक्त ते लक्ष नेहमी दुसऱ्याचे असतात. दुसऱ्या अर्थाची मात्र आमच्या वरिष्ठ कार्यालयाला अलीकडे फार काळजी वाटू लागली आहे. कर्मचाऱ्यांचं लक्ष ठिकाणावर नसतं, ते ठिकाणावर आणण्यासाठी सर्वांना ‘माइंडफुलनेस’ नावाचं औषध पाजावं, असं वरती कुणाच्या तरी मनात आलं आणि परिपत्रक निघालं.

बँकेचं परिपत्रक इंग्रजी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघतं. इंग्रजी कळलं नाही म्हणून हिंदी वाचायला घ्यावं, आणि हिंदी वाचल्यावर इंग्रजी बरंच सोपं होतं असं वाटावं, अशी त्यात सोय असते. या खेपेला हिंदीत ‘सचेतनता’ असा शब्द होता. कर्मचाऱ्यांमध्ये सचेतनता निर्माण करायची होती. आमच्या हेड कॅशियरनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “म्हणजे आजवर हे आपल्याला अचेतन समजत होते की काय?” टेबल, खुर्ची, स्टूल, कारकून. तिसरीच्या पुस्तकात निर्जीव वस्तूंची यादी अशीच होती. शेवटचं नाव तेवढं बाईंनी सांगितलं नव्हतं.

सत्र ठेवलं दुसऱ्या शनिवारी, म्हणजे बँकवाल्याच्या हक्काच्या सुटीला. पुण्याहून एक तज्ज्ञ आले. वय तिशीचं, दाढी साठीची आणि आवाज रेडिओवरच्या पहाटेच्या कार्यक्रमाचा. त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर एक किसमिस ठेवली आणि सांगितलं, ही लगेच खायची नाही. आधी बघायची. तिच्या सुरकुत्या बघायच्या, वास घ्यायचा, कानाशी नेऊन बोटांनी दाबायची आणि मग जिभेवर ठेवून पाच मिनिटं विचार करायचा. आता, सत्यनारायणाच्या शिऱ्यातली एकुलती एक किसमिस द्रोणाच्या तळातून हुडकून काढणाऱ्या समाजाला किसमिशीकडे बघायला शिकवणं म्हणजे धाम नदीच्या काठी पाण्याचं पाकीट विकण्यासारखं आहे. त्यानंतर त्यांनी आमच्या हेड कॅशियरना ‘वर्तमान क्षणात कसं राहावं’ ते सांगितलं. हा माणूस ओल्या स्पंजावर बोट टेकवून नोटा मोजतो. शंभर मोजेपर्यंत त्याला भूतकाळ नसतो आणि भविष्यकाळ नसतो. संध्याकाळी दहा रुपयांचा फरक आला तर कॅश टॅली होईपर्यंत तो घरी जात नाही. याहून अधिक वर्तमानात राहायचं तर माणसाला समाधीच घ्यावी लागेल.

सगळे डोळे मिटून बसले असताना आमच्या शाखेतले दफ्तरी उभे राहिले. पुलगावकडचे. नेमाने विहारात जाणारे. म्हणाले, “सर, एक इचारू का? हे तुमी जे शिकवून राह्यले, ते आमच्याकडे सम्यक स्मृती म्हंतात. आठातलं सातवं हाय ते. आधीचे सहा कवा शिकवनार?”

तज्ज्ञांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर कमळाचं फूल होतं. त्या फुलालाही आधीचे सहा माहीत नव्हते.

वर्ध्यात हा प्रश्न कोणी ना कोणी विचारणारच. नागपूरची दीक्षाभूमी इथून पाऊणशे किलोमीटरवर आहे. १९५६ नंतर अष्टांगिक मार्ग हा या भागात परिपत्रकातून कळण्याचा विषय राहिलेला नाही. आठ अंगांत तिसरी सम्यक वाणी, चौथं कर्म, पाचवी सम्यक आजीविका म्हणजे पोट कसं भरता ते, आणि मग सातवी स्मृती. पाली भाषेतला ‘सति’ हा शब्द. त्याचा मूळ अर्थच आठवण. एकोणिसाव्या शतकात एका इंग्रज पंडिताने त्याचं ‘माइंडफुलनेस’ केलं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन या गृहस्थांनी इस्पितळातल्या जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी त्याचा अभ्यासक्रम सुरू केला. औषधांनी न जाणारं दुखणं निदान सोसता यावं, हा त्यांचा चांगला हेतू. तिथून ते कंपन्यांत शिरलं आणि शिरताना आधीचे सहा बाहेर चपलांजवळ ठेवून आलं. सम्यक वाणी शिकवली तर वसुलीच्या फोनवर काय बोलायचं, असा प्रश्न येतो. सम्यक आजीविका शिकवली तर म्हाताऱ्या ठेवीदाराच्या गळ्यात विम्याची पॉलिसी कशी मारायची, असा प्रश्न येतो. श्वासाचं तसं नसतं. त्याच्यावर कुणाचंच टार्गेट अडत नाही.

माझं भांडण सजगतेशी नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो. इगतपुरीला १९७६ पासून सत्यनारायण गोएंकांच्या केंद्रात लोक दहा-दहा दिवस तोंड मिटून बसतात, त्याची फी घेतली जात नाही, आणि तिथून आलेली काही माणसं खरोखर सुधारलेली मी पाहिली आहेत. माझं भांडण आहे ते सजगतेच्या दुकानदारीशी आणि त्याहून तिच्या व्याकरणाशी.

मराठीत लक्ष ‘देतात’. घेत नाहीत. कान देतात, वेळ देतात, शब्द देतात, खांदा देतात आणि लक्ष देतात. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानोबा श्रोत्यांकडे काय मागतात? अवधान. पैसा नाही, शिधा नाही, तुमचं लक्ष तेवढं मला द्या, म्हणतात. म्हणजे लक्ष हे एकाकडून निघून दुसऱ्याच्या खात्यात जमा होणारी रक्कम आहे. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात तोच नियम : देणारा असेल तर घेणारा पाहिजे, नाहीतर नोंद पुरी होत नाही. हे नवे सजगतावाले काय करतात? आपलंच लक्ष आपल्याच श्वासाला देतात, आपल्याच खात्यातून काढून आपल्याच खात्यात भरतात आणि उलाढाल वाढली म्हणून पेढे वाटतात. आमच्या धंद्यात याला कागदी व्यवहार म्हणतात. ऑडिटर आला की तो पहिल्यांदा यावरच बोट ठेवतो.

नात्यांमध्ये तर या कागदी व्यवहाराने कहर केला आहे. माझा एक पुतण्या हिंजवडीला असतो. तो सध्या ‘स्वतःवर काम करतो’ आहे. दुसऱ्यावर काम करायला त्याला वेळ उरत नाही. त्याने आयुष्यातून विषारी माणसं काढून टाकायला सुरुवात केली आणि यादीत पहिलं नाव आलं ते त्याच्या बापाचं. कारण काय, तर बाप रोज रात्री नऊ वाजता फोन करून विचारतो, “जेवला का बाबू?” हा म्हणे सीमारेषेचा भंग. बाप हिंगणघाटला, पोरगा हिंजवडीला, मध्ये साडेसहाशे-सातशे किलोमीटर, आणि तरी सीमारेषा ओलांडली जाते! त्या फोनच्या वेळी तो आता डोळे मिटून दहा मिनिटं कृतज्ञता बाळगतो. कुणाबद्दल, हे मोबाईलमधलं यंत्र सांगत नाही. इकडे बापाने नऊच्या ठोक्याला फोन हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा. कृतज्ञतेचं हे खातं पुण्यात भरतं आणि हिंगणघाटात बुडतं.

अशा मंडळींनी कधी तरी वर्ध्याला यावं. आमच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजी तिथे १९३६ मध्ये राहायला गेले तेव्हा त्याचं नाव शेगाव होतं. टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागलं म्हणून १९४० मध्ये नाव बदललं. (पत्त्यातली चूक निस्तरायला गावाचं नाव बदलणारा ग्राहक आमच्या बँकेला अजून मिळालेला नाही. आम्ही आधार कार्डावर भागवतो.) गांधीजी सोमवारी मौन पाळत. आजच्या भाषेत ते ‘डिजिटल उपवास’ वगैरे करत असणार असं आपल्याला वाटेल. पण त्या मौनाला त्यांनी दोन अपवाद ठेवले होते. ही सोमवारची सवय दिल्लीतही सुटली नव्हती. २ जून १९४७ हा सोमवार होता, फाळणीचा निर्णय दाराशी येऊन ठेपला होता आणि गांधीजी व्हाइसरॉय माउंटबॅटन यांच्यासमोर बसले होते. बोलले नाहीत. जुन्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून दिलं, की मौन सोडायच्या दोनच सवडी मी ठेवल्या आहेत : अतिमहत्त्वाच्या कामी मोठ्या अधिकाऱ्याशी बोलायचं असेल तर, आणि आजाऱ्याची शुश्रूषा करायची असेल तर. मी मौन सोडावं असं तुम्हाला काही वाटत नाही, हे मला ठाऊक आहे, असंही वर लिहिलं. व्हाइसरॉयसाठी ठेवलेली सवड व्हाइसरॉय समोर असताना वापरली नाही. आजाऱ्याची सवड मात्र खरी होती. सेवाग्रामला परचुरेशास्त्र्यांची कुटी आजही उभी आहे. संस्कृतचे पंडित, अंगावर कुष्ठरोग, लोक सावलीला उभे करीनात असा तो काळ. त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश करत. याला म्हणतात लक्ष देणं. देणारा आहे, घेणारा आहे, आणि नोंद पुरी आहे.

आता बातम्यांचं घ्या. आमच्या घरात संध्याकाळी आठला बातम्यांची वाहिनी लागते. पडद्यावर आठ चौकटी, आठ चौकटींत आठ माणसं आणि आठही एकदम बोलतात. माझी आई ऐंशीच्या पुढची, आर्वी तालुक्यातल्या खेड्यातली. ती पाच मिनिटं बघते आणि म्हणते, “हे मानसं एवढे काहून भांडून राह्यले रे? यायची वाटनी नाही झाली का अजून?” एवढं अचूक माध्यम-विश्लेषण मी कुठे वाचलेलं नाही. भांडणाचं कारण घरातलं असेल तर ते भांडण. नाहीतर तो तमाशा, आणि तमाशाला तिकीट असतं. आपण ते लक्षाच्या रूपाने भरतो आणि वर आपल्यालाच रक्तदाब होतो. मग त्यावर उपाय म्हणून मोबाईलमध्ये शांत राहायचं यंत्र घ्यायचं. ते दिवसातून चार वेळा टुंग करून सांगतं, ‘शांत व्हा.’ बरा शांत बसलेला माणूस दचकून उठतो. गांधीजींची तीन माकडंदेखील आता मोबाईलमध्येच राहायला गेली आहेत. चित्रं होऊन डोळे, कान, तोंड झाकून बसतात आणि नको ते पुढे पाठवताना आपण शेवटी त्यांनाच चिकटवतो.

सेवाग्रामच्या आश्रमात दोन वस्तू ठेवलेल्या आहेत, त्या या संदर्भात फार बघण्यासारख्या आहेत. एक टेलिफोन आणि दुसरा साप पकडायचा पिंजरा, चिमट्यासकट. टेलिफोन दफ्तरात असे, बापूंच्या उशाशी नसे. आणि साप निघाला तर त्याला मारायचं नाही, घरात ठेवायचं नाही आणि शेजाऱ्याच्या अंगणातही सोडायचं नाही. चिमट्याने धरून पिंजऱ्यात घालायचं आणि लांब रानात नेऊन सोडायचं. सकाळी सहा वाजता व्हॉट्सअॅपवर जे निघतं, त्याच्यासाठी याहून चांगली पद्धत मला सुचत नाही. आपल्याकडे मात्र साप दिसला की लगेच तो सोळा ग्रुपांत सोडतात आणि खाली लिहितात, ‘खरं आहे का माहीत नाही, पण काळजी घ्या.’

आणि नुसतं गप्प बसूनही माणूस यातून सुटत नाही. पवनारला विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन घेतलं होतं. त्या वर्षात आणीबाणी आली आणि मौनातल्या विनोबांकडून ‘अनुशासन पर्व’ एवढे दोन शब्द बाहेर आले. सरकारने ते उचलले आणि देशभर रंगवले. विरोधकांनी त्यांना सरकारी संत ठरवलं. अनुशासन आचार्यांचं असतं, सरकारचं असतं ते शासन, असा खुलासा विनोबांनी पुढे केला. तोवर भिंती रंगून वाळल्या होत्या. एका ओळीचा निरोप खुलाशाच्या पुढे धावतो, ही विद्या आपण मोबाईल येण्याआधीच शिकलो होतो. म्हणून म्हणतो, बातमीपुढे नुसतं डोळे मिटून बसणं पुरत नाही. कोण बोललं, कुणाच्या सोयीचं बोललं आणि मधलं कुणी गाळलं, इकडे लक्ष द्यावं लागतं. श्वास मोजणाऱ्याला हे साधेलच असं नाही. हिशेब तपासणाऱ्याला साधतं.

राहता राहिलं स्वतःला बदलणं. बाजारात याचा दर एकवीस दिवस असा आहे. एकवीस दिवसांत नवी सवय, एकवीस दिवसांत नवं मन. एकवीस दिवसांत आमच्याकडे नवं चेकबुकसुद्धा येईल असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण बदल खोटा असतो, असंही नाही. पुन्हा पवनारकडे बघा. १९३८ मध्ये विनोबांची प्रकृती इतकी ढासळली की वजन ८८ पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोवर आलं. गांधीजी म्हणाले, हवापालटाला जा. वर्ध्याच्या माणसाला हवापालट म्हटलं की चिखलदरा आठवतो. विनोबांनी आठ-दहा किलोमीटरवरचं पवनार निवडलं. मोटार धाम नदीच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलं, की सगळ्या कामांचा भार मी टाकला. आणि पलीकडच्या टेकडीवर जाऊन काय केलं? कुदळ घेतली आणि खणायला लागले. सुरुवातीला काही मिनिटं, रोज थोडी वाढवत. काही महिन्यांत वजन चाळीस पौंडांनी वाढलं. तिथे कमळाचं चित्र नव्हतं, ‘स्वतःवर काम’ नव्हतं. काम जमिनीवर चालू होतं. सुधारला विनोबांचा देह. व्याजाचं असंच असतं. मुद्दल दुसऱ्याकडे लावावं लागतं, तेव्हा ते आपल्याकडे येतं.

हे सगळं मी आमच्या काउंटरमुळे लिहितो आहे. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं होतं. त्या सहांत आमचा वर्धा होता. त्या जिल्ह्यात बँकेच्या जाळीपलीकडे कोण उभं आहे, हे न बघता त्याला सह्या कुठे करायच्या ते सांगता येत नाही. परवा एक कास्तकार हेड कॅशियरच्या खिडकीशी आला. दोन हजार काढले. मग विचारलं, “साहेब, औंदा कर्जाचं नवं-जुनं होते का जी?” सातबारा आणा, आठ-अ आणा, हे त्याला सांगितलं गेलं. “हो जी,” म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. मागची रांग चुळबुळायला लागली. आमच्या शाखेत चार काउंटर आहेत आणि माणसं अडीच. (अर्धा माणूस म्हणजे आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या शाखेत पाठवला जाणारा.) हेड कॅशियरच्या हातात बंडल होतं, साठ-बासष्ट नोटा मोजून झाल्या होत्या. मशीन असलं तरी त्यांचा बोटांवर विश्वास. त्यांनी वर पाहिलं आणि बंडल खाली ठेवलं. मोजणारा मध्येच थांबला की त्याला पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागते, हे ज्याने नोटा मोजल्या आहेत त्यालाच कळेल. “काय झालं दादा?”

“काही नाही जी. बैल गेला परवा. जोडीतला. रातच्याले बांधला, सकायी उठलाच नाही.”

तीन मिनिटं तो बैलाबद्दल बोलला. कोणत्या बाजाराचा, किती वर्षांचा, उरलेला कसा एकटा खुंट्याशी हंबरतो ते. या माहितीसाठी पासबुकात रकाना नाही. मग पैसे खिशात घातले आणि जाताना म्हणाला, “लक्ष असू द्या, साहेब.” हेड कॅशियरनी बंडल उचललं आणि पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.

तेव्हा वरिष्ठ कार्यालयाकडे आमचं मागणीपत्र असं आहे. एक, चौथ्या काउंटरला माणूस द्या. तो डोळे उघडे असलेला असावा. दोन, दुसरा शनिवार परत करा. तीन, सत्रं घ्यायचीच असली तर आमच्या दफ्तरींना बोलवा आणि पहिल्यापासून सहाव्यापर्यंत क्रमाने घ्या, सातव्याला मग आम्ही आपण होऊन येऊ. चार, किसमिस शिऱ्यात घाला. श्वासाची काळजी आपण करू नये. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही तरी तो आपला येतो-जातो. माणसाचं तसं नसतं.